वेग शेवटच्या मोटारसायकलचा

सहलीचा बेत ठरू लागला की पहिला प्रश्न येतो तो ठिकाणाचा. जायचे कोठे, उतरायचे कोठे, जेवायचे कोठे, एवढ्याची उत्तरे मिळाली की बेत पक्का झाला असे मानले जाते. मोटारसायकलींच्या समूहसफरीला हा क्रम लागू पडत नाही. तेथे पहिला प्रश्न माणसांचा असतो. बरोबर कोण कोण आहे, आणि त्यांच्यापैकी सर्वांत सावकाश कोण चालवतो? या प्रश्नाचे उत्तर ज्या गटाने प्रामाणिकपणे दिले, त्याचे निम्मे नियोजन तेथेच पूर्ण होते. निघण्याची वेळ, थांबे, इंधन, खर्च आणि परतीचा तास या साऱ्या गोष्टी त्या एका उत्तरातून ठरत जातात.

नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या आणि मुले हाताशी आलेल्या मंडळींमध्ये अशा सफरींची आवड वाढते आहे. तरुणपणी राहून गेलेली हौस पन्नाशीत पुरी करावी, यात गैर काहीच नाही. मोकळी हवा, बदलता निसर्ग आणि समानशील सोबती यांचा आनंद मोटारीच्या बंद काचांआड मिळत नाही. मात्र दुचाकी हे वाहन चुकीला फारशी क्षमा करीत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. त्यांतील १४,३३७ जण मागच्या आसनावर बसलेले होते. घरातून निघणाऱ्याला ‘परत कधी येणार?’ असे विचारले जाते, तेव्हा त्या साध्या प्रश्नामागे हीच काळजी असते. नीट आखलेली सफर हे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

उदाहरणादाखल एक सफर

नियोजनाची चर्चा हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष मार्ग डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरेल. पुण्याच्या चांदणी चौकातून निघून पिरंगुट, पौड, मुळशी आणि ताम्हिणी घाट ओलांडून निजामपूरमार्गे माणगाव गाठावे, तेथून म्हसळा आणि बोर्ली पंचतन करीत रायगड जिल्ह्यातील दिवेआगरच्या किनाऱ्यावर उतरावे. अंतर सुमारे १६० किलोमीटर. धरणाचे पाणी, सह्याद्रीची उतरण, नारळी-पोफळीच्या बागा आणि शेवटी समुद्र, असे चार निरनिराळे प्रदेश एका दिवसात अनुभवता येत असल्याने पुणेकर चालकांचा हा आवडता मार्ग आहे. पावसाळ्यात ताम्हिणीत राज्यातील सर्वाधिक पावसापैकी पाऊस कोसळतो. दरडी, धुके आणि निसरडा रस्ता यांमुळे नवख्या गटाने त्या दिवसांत तेथे न जाणेच शहाणपणाचे. डिसेंबरच्या मध्यातील एखादा शनिवार-रविवार या मार्गाला उत्तम. गटात दहा मोटारसायकली आणि बारा माणसे आहेत, असे समजू.

वेळेचे अंदाजपत्रक

पहिली गल्लत होते ती सरासरी वेगाबाबत. ताशी ६० च्या वेगाने चालवणारा माणूस १६० किलोमीटर अंतर पावणेतीन तासांत कापू असा हिशेब मांडतो. गावातील गतिरोधक, घाटातील वळणे आणि कोकणातील अरुंद रस्ते जमेस धरले तर गटाची सरासरी ताशी ४० पेक्षा अधिक धरू नये. म्हणजे प्रत्यक्ष चालवण्याचे चार तास. त्यांत मुळशी परिसरात न्याहारीची ४० मिनिटे, घाट उतरल्यावर १५, माणगावला इंधनासाठी २० आणि म्हसळ्याजवळ १५, असे एकूण दीड तासाचे थांबे मिळवावेत. सकाळी ७ वाजता निघालेला गट १२.३० ला पोहोचेल. त्यावर अर्ध्या तासाची राखीव तरतूद हवीच. एखादे पंक्चर, एखादी सुटलेली चेन तेवढा वेळ सहज खाते. म्हणून घरी आणि मुक्कामाच्या ठिकाणी सांगायची वेळ दुपारी १ ची.

हे वेळापत्रक पाहून एखादा उत्साही सदस्य वेग वाढवण्याची सूचना करतो. तिचाही हिशेब करून पाहावा. सरासरी ४० वरून ४५ वर नेली तर १६० किलोमीटरमध्ये वाचतात अवघी २७ मिनिटे. एका चहाच्या थांब्याएवढ्या वेळासाठी संपूर्ण गटाला ताणावर ठेवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

डिसेंबरच्या मध्यात पुण्यात सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. अंधारात घाट चढायचा नाही, ही अट एकदा मान्य केली की परतीची वेळ आपोआप ठरते. रविवारी सकाळी १०.३० ला दिवेआगर सोडले तर दुपारी ४, फार तर ४.३० वाजता चांदणी चौक येतो आणि दिवसाचा दीड तास हाती राहतो. मुळशीकडून परतणाऱ्या रविवार संध्याकाळच्या गर्दीतूनही गट वाचतो. समुद्रस्नान आणखी तासभर लांबवण्याचा मोह येथे आवरावा लागतो. वेळापत्रक बहुधा परतीच्या सकाळीच मोडते.

या मार्गाची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य चालकाच्या पाठीशी असतो आणि दुपारनंतर पूर्वेकडे परततानाही तो पाठीशीच असतो. चालकाला हे सुखाचे वाटते. परंतु समोरून येणाऱ्या वाहनचालकाच्या डोळ्यांवर त्याच वेळी ऊन येते आणि त्याला पुढची दुचाकी नीट दिसत नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे पुढचे दिवे इंजिनाबरोबर आपोआप लागतात, ते याच कारणासाठी. जुनी मोटारसायकल असणाऱ्याने दिवा हाताने लावून ठेवावा आणि अंगावर उजळ रंगाचे जाकीट घालावे.

दहा मोटारसायकलींची लांबी

पुढच्या वाहनापासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे, हा सर्वमान्य नियम आहे. ताशी ६० च्या वेगाला एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापले जाते. म्हणजे दोन मोटारसायकलींमध्ये ३३ मीटर. एकामागे एक जाणाऱ्या दहा मोटारसायकलींत अशी नऊ अंतरे पडतात आणि रांगेची लांबी ३०० मीटर होते. एवढी लांब रांग एका दमात कोणताही ट्रक ओलांडू शकत नाही आणि कोणत्याही सिग्नलमधून एकत्र सुटत नाही.

गतिरोधकावर काय घडते ते तर अधिक बोलके आहे. गतिरोधकापाशी प्रत्येक चालक आपल्या पुढच्यापेक्षा दोन सेकंद जास्तीचे मागे पडतो असे मानले, तर दहावा चालक एकूण १८ सेकंद, म्हणजे आणखी ३०० मीटर मागे राहतो. पुढच्याने गतिरोधक ओलांडताच ६० चा वेग धरला, तर दहाव्याला गटात येण्यासाठी ७० च्या वेगाने पावणेदोन मिनिटांहून अधिक काळ, म्हणजे दोन किलोमीटरहून जास्त अंतर चालवावे लागते. तोवर पुढचे गाव आणि पुढचा गतिरोधक येतो. पुढच्याला जो वेग आरामाचा वाटतो, तो मागच्याच्या वाट्याला असा धावपळीचा होऊन येतो. बहुधा नवखा आणि दमलेला चालकच मागे पडलेला असतो, आणि गटात सर्वाधिक वेगाने त्यालाच जावे लागते.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, दहाच्या गटाचे पाच-पाचांचे दोन उपगट करावेत आणि त्यांच्यात पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. दुसरा, गतिरोधक किंवा गाव ओलांडल्यावर पुढच्याने आपला शेवटचा सोबती आरशात दिसेपर्यंत वेग वाढवू नये.

पुढे कोण आणि मागे कोण

पुढे जाणाऱ्याला चालक मंडळी ‘लीड’ म्हणतात आणि सर्वांत शेवटी राहणाऱ्याला ‘स्वीप’. पुढे राहण्यात मान आहे, त्यामुळे अनुभवी माणसाची निवड लीडसाठी होते आणि स्वीपची जागा उरलेल्याला मिळते. वास्तविक गटातील सर्वांत अनुभवी आणि शांत माणूस शेवटी असायला हवा. कोणाची मोटारसायकल बंद पडली, कोणी घसरला, कोणी घाबरला, तर तेथे प्रथम पोहोचणारा तोच असतो. हत्यारे, पंक्चरचे साहित्य, सुटी क्लच केबल आणि प्रथमोपचार पेटी त्याच्याजवळ असावी. नवख्याला लीडच्या लगेच मागे ठेवावे. लीडला तो आरशात सतत दिसतो आणि वेग त्याच्या बेताने राहतो.

गट एकत्र राखण्याचा सर्वांत सोपा नियम असा, की प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यावी. मागचा आरशात दिसेनासा झाला की वेग कमी करावा. तरीही दिसला नाही तर सुरक्षित जागा पाहून थांबावे. त्याच्या पुढचाही तसेच करतो आणि काही क्षणांत हा संदेश फोनशिवाय लीडपर्यंत पोहोचतो. ताम्हिणीत मोबाइलचा संपर्क अनेक ठिकाणी तुटतो, तेथे हा नियम विशेष कामी येतो. वळणाच्या फाट्यावरही हेच करावे. मागचा येऊन वळताना दिसेपर्यंत फाटा सोडायचा नाही. माणगावच्या गजबजलेल्या चौकात दोघेजण चुकून महामार्गाने पुढे निघून गेले, अशी फसगत मग होत नाही.

एका गोष्टीत मात्र कोणीही कोणावर विसंबू नये, ती म्हणजे पुढचे वाहन ओलांडणे. पहिल्याला जो मोकळा रस्ता दिसला, तो तिसऱ्याच्या वेळी मोकळा राहिलेला नसतो. पुढचा गेला म्हणून मागच्याने जाऊ नये. मागे राहिलेल्याची वाट पाहिली जाणार आहे, याची खात्री असेल तरच माणूस असा संयम ठेवू शकतो. ती खात्री देणे हे गटाचे काम आहे.

घाटात जोडीने चालवणे, वळणावर ओलांडणे आणि छायाचित्रासाठी वळणाच्या तोंडाशी थांबणे या तीन गोष्टी निक्षून टाळाव्यात. चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी. उतारावर इंधन वाचवण्यासाठी गिअर काढून मोटारसायकल सोडणे धोक्याचे आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच वेग आवरते आणि ब्रेकवरचा ताण कमी होतो. हिवाळ्यातील सकाळी झाडांच्या सावलीतला रस्ता दवाने ओला असतो, हेही विसरू नये.

वाहन, कागद आणि विमा

मोटारसायकलची तपासणी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी करून भागत नाही. दोष निघाला तर दुरुस्तीला सवड हवी. आठवडाभर आधी टायर, ब्रेक, चेन, ऑइल, दिवे आणि केबली पाहून घ्याव्यात. ट्यूब असलेले टायर कोणाचे आणि ट्यूबलेस कोणाचे, याची नोंद ठेवावी, कारण दोहोंच्या पंक्चरचे साहित्य वेगळे असते. इंधनाचा थांबा ज्याची टाकी सर्वांत लहान त्याच्या हिशेबाने ठरवावा. शुक्रवारीच टाक्या भराव्यात आणि घाटाच्या पट्ट्यात पंप मिळेल या भरवशावर राहू नये.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. त्यावर आयएसआय चिन्ह असावे आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा. न बांधलेले हेल्मेट पडण्याच्या क्षणी डोक्यावर राहत नाही.

विम्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. सहसफरीत एकमेकांची मोटारसायकल चालवून पाहण्याची हौस सर्वांनाच असते. परंतु विमापत्रातील मालक-चालकाचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण त्या वाहनाचा मालक स्वतः चालवत असताना त्याला मिळते. मित्राने चालवायला घेतली तर ते मित्राला लागू होत नाही. मागच्या आसनावरील व्यक्तीसाठीही वेगळे संरक्षण घेता येते. पत्नीला सोबत नेणाऱ्याने ते घेतले आहे का, हे पाहावे. विमापत्राची मुदत, वाहन परवाना आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आठवडाभर आधी तपासावे.

प्रत्येकाच्या खिशात रक्तगट, चालू औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद असावा. त्याची एक प्रत स्वीपजवळ असावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक सर्वांना पाठ हवेत. वाटेत दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तर मदतीस थांबण्यास कचरू नये. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते.

खर्च, भोजन आणि मुक्काम

पैशाचा प्रश्न मैत्रीत संकोचाचा असतो, म्हणूनच तो निघण्यापूर्वी सोडवावा. येण्या-जाण्याचे ३२० आणि तेथील भटकंतीचे ३०, असे ३५० किलोमीटर धरले आणि प्रतिलीटर ३५ किलोमीटरचा हिशेब केला, तर दहा लीटर पेट्रोल लागते. लीटरला १०५ रुपये धरल्यास ते १,०५० रुपयांचे होते. इंधन ज्याचे त्याने भरावे. मुक्काम, भोजन आणि चहापाणी सामाईक निधीतून व्हावे. हा निधी एकाच्याच हाती असावा आणि त्यात थोडी रक्कम अनपेक्षित दुरुस्तीसाठी राखून ठेवावी. ज्याची मोटारसायकल बिघडली त्याच्यावर एकट्यावर भार पडणार नाही, एवढी सोय त्यातून होते.

दिवेआगरला घरगुती निवास आणि खाणावळी भरपूर आहेत. परंतु बारा जणांचे शाकाहारी जेवण आयत्या वेळी सांगून चालत नाही. गटात कांदा-लसूण वा कंदमुळे वर्ज्य असणारे, सूर्यास्तापूर्वी जेवणारे कोणी असतील तर यजमानांना आधीच कळवावे. लवकर जेवण आणि लवकर झोप दुसऱ्या दिवशीच्या चालवण्यालाही हितकारक ठरते. गप्पांत रात्र जागवलेला चालक सकाळी ताजातवाना दिसला तरी घाटात त्याचे डोळे जड होतात. मद्याला या दोन दिवसांत स्थान नाही, ही अट निघण्यापूर्वी स्पष्ट सांगावी.

किनाऱ्यावरील वाळूत मोटारसायकल नेण्याची इच्छा अनेकांना होते. दिवेआगर आणि हरिहरेश्वरचे किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीची ठिकाणे आहेत आणि अंडी घालण्याचा हंगाम हिवाळ्यातच असतो. वाळूखालचे घरटे वरून दिसत नाही. वाहने गावात ठेवून किनाऱ्यावर पायीच जावे.

माघारीची मुभा

नियोजनाच्या बैठकीत एक गोष्ट उघडपणे बोलली जायला हवी. कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता, कोणालाही थांबण्याची वा परतण्याची मुभा आहे. पाठ दुखते, झोप झाली नाही, घाटाची भीती वाटते, हे चारचौघांत सांगायला प्रौढ माणूस लाजतो आणि तसाच रेटत राहतो. म्हणून पर्याय आधीच ठरलेले असावेत. कोणाला परतायचे असेल तर त्याच्याबरोबर दुसरा कोण जाईल. रविवारी कोणाची प्रकृती ठीक नसेल तर मोटारसायकल यजमानांकडे ठेवून तो एस.टी.ने कसा येईल आणि त्याच्यासोबत कोण राहील, हे कागदावर असले की सांगणाऱ्याला संकोच राहत नाही आणि ऐकणाऱ्याला अडचण वाटत नाही.

घरच्यांनाही वेळापत्रकाची एक प्रत द्यावी. प्रत्येक थांब्यावरून एकाने संदेश पाठवावा आणि तो सर्वांच्या घरी पोहोचावा. घरच्यांनी मधल्या वेळात फोन करू नये, आणि चालकाने वाजलेला फोन चालवताना घेऊ नये, हा दोन्ही बाजूंचा करार असावा. थांबा चुकला आणि तासभर संदेश आला नाही तर कोणाला विचारायचे, हेही त्या कागदावर लिहिलेले असावे. घरच्यांना सफरीची जागा आणि वेळ ठाऊक असली की त्यांची काळजी पूर्ण मिटत नसली तरी तिला एक मर्यादा पडते.

परतल्यावर दोन-चार दिवसांत गटाने पुन्हा एकदा भेटावे. सामाईक निधीचा जमाखर्च मांडावा, उरलेली रक्कम परत करावी, कोणता थांबा लांबला आणि कोणाला कोठे त्रास झाला याची नोंद पुढच्या सफरीसाठी ठेवावी. या बैठकीत सर्वांत आधी बोलण्याची संधी शेवटी चालवणाऱ्याला मिळावी. गटाची चाल कशी होती, हे त्यालाच नेमके ठाऊक असते. जमाखर्चात पाच-पन्नास रुपयांचा फरक निघाला तरी तो सोसता येतो. ताळा जुळायलाच हवा तो एकाच नोंदीचा: निघाले बारा, परतले बारा.